मॉनिटरच्या काउंटरवरचा शनिवार

सकाळी १०:१५

लॅमिंग्टन रोडला लवकर उठायची सवय नाही. दहाच्या सुमारास ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडावं तर अर्धी शटर खालीच असतात. भिवंडीच्या गोदामांतून आलेले टेम्पो कडेला लागलेले असतात आणि हमाल खोके उतरवत असतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, बिलावरही आम्ही तेच छापतो, पण गिऱ्हाईक फोनवर विचारतं ते ‘लॅमिंग्टनला दुकान नेमकं कुठे?’ असंच. रविवारी बाजार बंद आणि शनिवारी नोकरदारांना सुट्टी, त्यामुळे आठवड्याचा खरा धंदा आज.

मॉनिटरचा काउंटर माझ्याकडे आहे. गल्ला आणि खरेदी शेठ बघतात, माल काढून देणं पोरगा बघतो, आणि ‘कुठला घेऊ?’ हा प्रश्न माझ्यापुढे येतो. या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नये असं मला मनापासून वाटतं. कॉम्प्युटरमधला सगळ्यात जास्त टिकणारा भाग मॉनिटरच असतो. ग्राफिक्स कार्ड चार वर्षांत जुनं होतं, रॅम वाढवावी लागते, की-बोर्डची बटणं जातात. मॉनिटर मात्र आठ-दहा वर्षं त्याच टेबलावर, त्याच माणसासमोर असतो. दहा-बारा हजारांत घेतलेली ही काच घरातलं कुणीतरी रोज सात-आठ तास बघणार असतं.

शटर वर गेल्यावर पहिलं काम म्हणजे डेमोच्या टेबलावरचे चार मॉनिटर पुसून चालू करणं. एक २४ इंची फुल एचडी, एक २७ इंची फुल एचडी, एक २७ इंची क्यूएचडी आणि एक ३२ इंची वक्र. चारही एकाच कॉम्प्युटरला जोडलेले. त्यांचे खोके मी पाठ फिरवून ठेवतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला १ मिलिसेकंद, एचडीआर, गेमिंग असे मोठे शिक्के असतात, आणि गिऱ्हाईक एकदा ते वाचायला लागलं की पडद्याकडे बघत नाही.

चारही पडद्यांवर मी एकच फाइल उघडून ठेवतो. त्यात मंगल फाँटमध्ये, बारीक अक्षरात काही शब्द आहेत: शुद्ध, विद्वान, बुद्धी, द्वेष, दृष्टी, चिठ्ठी, ऱ्हस्व. इंग्रजी मजकूर कुठल्याही पडद्यावर निभावून जातो. देवनागरीत जोडाक्षरं एकमेकांच्या पोटात बसतात, खाली उकार-ऋकार, वर रफार आणि अनुस्वार. पडदा किती बारीक काम करतो ते इथे लगेच कळतं. २७ इंची फुल एचडीवर ‘द्ध’ आणि ‘द्व’ जवळजवळ सारखे दिसतात. शेजारच्या क्यूएचडीवर तेच अक्षर, त्याच मापाचं, स्वच्छ ओळखू येतं. कारण साधं आहे. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, मग पडदा २४ इंची असो वा २७. २४ इंची म्हणून विकला जाणारा पडदा बहुतेकदा २३.८ इंचांचा असतो, त्यात ते इंचाला सुमारे ९३ पडतात, २७ इंचीत तेच ताणले जाऊन ८२ वर येतात. क्यूएचडीत २५६० बाय १४४० ठिपके असतात, म्हणून २७ इंचीतही इंचाला १०९ मिळतात. मोठा पडदा घेतला की जास्त दिसेल, हा समज रोज भेटतो. फुल एचडीत मोठा पडदा घेतला तर दिसतं तेवढंच, फक्त मोठं आणि भरड.

११:२०

भवानी झाली ती एका वडील-मुलाच्या जोडीवर. कल्याणहून आलेले. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, वडिलांच्या खिशात बारा हजार. मुलाने नाव, मॉडेल सगळं ठरवून आणलं होतं: २७ इंची, वक्र, २४० हर्ट्झ, किंमत साडेसतरा. वडील म्हणाले, ‘‘साहेब, तुम्हीच सांगा, एवढ्याची गरज आहे का?’’ अशा वेळी वडिलांच्या बाजूने बोललं की मुलगा दुकानातून मनाने निघून जातो. म्हणून मी मुलाकडेच वळलो.

‘‘कार्ड कुठलं आहे रे?’’

‘‘जीटीएक्स १६५०, काका.’’

‘‘खेळतोस काय?’’

‘‘व्हॅलोरंट. आणि जीटीए फाइव्ह.’’

मग कागद घेतला. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. १४४ ला ६.९. १६५ ला ६.१. २४० ला ४.२. हे आकडे एकाखाली एक लिहून मी मुलाला वजाबाकी करायला सांगितली. ६० वरून १४४ वर गेलं की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १६५ वरून २४० वर गेलं की दोनसुद्धा वाचत नाहीत. पहिली उडी कुणालाही दिसते, नुसता माउसचा बाण हलवला तरी. दुसरी दिसायला हात आणि नजर दोन्ही तयार लागतात, आणि मुख्य म्हणजे सेकंदाला २४० चित्रं तयार करणारं कार्ड लागतं. त्याचं कार्ड व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात शंभराच्या वर जातं, जड खेळात त्याच्या खूप खाली राहतं. कार्ड जेवढी चित्रं बनवत नाही तेवढी पडदा दाखवणार कुठून?

मुलगा हुशार होता. त्याने लगेच विचारलं, ‘‘मग जीटीएला ७० येत असतील तर १६५ चा पडदा वाया नाही का?’’ हा प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात. पूर्वी खरंच अडचण होती. पडदा त्याच्या ठेक्यात चालायचा, कार्ड त्याच्या, आणि मध्येच चित्र आडवं फाटल्यासारखं दिसायचं. एनव्हिडियाने २०१३ मध्ये पडद्याला कार्डाच्या ठेक्यावर चालवणारं जी-सिंक आणलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागायचा. एएमडीचं फ्रीसिंक त्या भागाशिवाय चालायचं, म्हणून स्वस्त मॉनिटरमध्ये पसरलं. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपली कार्डं फ्रीसिंकच्या मॉनिटरवर चालू द्यायला सुरुवात केली, आणि गरिबाच्या गेमिंगचा तो मोठा दिवस होता असं मी मानतो. आता कार्ड ७० चित्रं देत असेल तर पडदाही ७० वरच चालतो. अट एक: त्याच्या कार्डाला हे बहुतेकदा डिस्प्लेपोर्टच्या वायरीतून मिळतं, आणि स्वस्त मॉनिटरच्या खोक्यात अनेकदा फक्त एचडीएमआयची वायर असते.

२४ इंची, आयपीएस पॅनेल, १८० हर्ट्झ, दहा हजार आठशे. डिस्प्लेपोर्टची वायर वेगळी. दोन्ही मिळून वडिलांच्या आकड्यात बसलं.

‘‘पण काका, त्यावर वन एमएस होतं ना?’’ मुलाचा शेवटचा हिसका. त्याला बाजूला घेऊन दाखवलं. ठिपका एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ, हे एक मोजमाप. मागचा दिवा चित्रागणिक विझवून पेटवला की चित्र कमी पुसट दिसतं, त्यावरून काढतात ते दुसरं मोजमाप. दोन्हींवर १ मिलिसेकंद असंच छापलेलं असतं. दुसरं चालू केलं की पडदा लक्षात येण्याएवढा अंधारतो, आणि स्वस्त मॉनिटरमध्ये त्यासोबत बदलता हर्ट्झ बहुधा बंद होतो. पहिल्यातही १ चा आकडा सगळ्यात कडक सेटिंगवर मिळतो, आणि त्या सेटिंगला हलत्या वस्तूंच्या मागे उजळ सावली येते. मधलं सेटिंग ठेव आणि आकडा विसर, एवढंच मी सांगितलं.

१२:४५

फोन. साताऱ्याचा डीलर, लातूरचा डीलर, नाशिकच्या एका कोचिंग क्लासचं कोटेशन. शाळा-क्लासला मी आता १०० हर्ट्झचे २४ इंची आयपीएस देतो. ६० आणि ७५ हर्ट्झच्या मालाशी त्यांचा किमतीतला फरक इतका थोडा उरलाय की जुना माल घेण्यात अर्थ नाही. नुसत्या कामालाही १०० चा फायदा होतो, लांब पान सरकवताना अक्षरं कमी पुसटतात.

लातूरवाल्यांनी विचारलं, जीएसटी कमी झाला ना, मग रेट का नाही उतरला? हा प्रश्न सप्टेंबर २०२५ पासून येतोच आहे. २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर. ३२ आणि त्याखालचे आधीपासूनच १८ मध्ये होते. त्यामुळे २४ आणि २७ च्या बिलात काही फरक नाही.

१:४०

डबा. वरच्या मजल्यावर मॉनिटर दुरुस्त करणारे एक जण बसतात, जेवण त्यांच्याकडेच. या रस्त्यावर पंधरा इंची काचेचे जड मॉनिटर दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यायचे तेव्हापासून ते दुरुस्तीत आहेत. आज त्यांच्या टेबलावर एक २४ इंची उघडून पडला होता. ते म्हणतात, मॉनिटर दोन तऱ्हेने मरतो. एक, पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात किंवा मागची दिव्यांची पट्टी जाते. हे हजार-दीड हजारात उठतं. दुसरं, पॅनेल फुटतं. मग उपाय नाही, कारण नुसतं पॅनेल आणायचं म्हटलं तर नव्या मॉनिटरच्या जवळ खर्च जातो.

किमतीचं गणितही इथेच आहे. मॉनिटरवर नावं पंधरा असली तरी पॅनेल बनवणारे कारखाने थोडेच: चीनची बीओई, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स, आणखी काही. दोन वेगवेगळ्या नावांच्या मॉनिटरमध्ये एकाच कारखान्याचं पॅनेल असू शकतं. मग दोन हजारांचा फरक कशाचा? स्टँडचा, वॉरंटीचा, पॉवर बोर्डाचा आणि नावाचा. स्टँडसाठी पैसे द्यावेत असं माझं मत आहे. स्वस्त स्टँड पुढे-मागे झुकतो, वर-खाली होत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. ती तशी नसली की माणूस मान वाकवून बसतो आणि दोन वर्षांनी दुखणं मॉनिटरच्या माथी मारतो. महागडा स्टँड परवडत नसेल तर मागे चार भोकं आहेत का तेवढं बघावं, ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात. ती असली की पुढे कधीही बाहेरचा आर्म लावता येतो. काही अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ती भोकंच नसतात. घेताना विचारलं नाही तर घरी गेल्यावर कळतं.

३:१०

दुपारी गिरगावातून एक ताई आल्या. घरी अक्षरजुळणीचं काम करतात: दिवाळी अंक, पत्रिका, कुठे एखादं पुस्तक. जुना १९ इंची मॉनिटर, एका बाजूने पिवळा पडलेला. ‘‘दादा, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. आणि रात्री मुलगा त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळतो, तर त्याचंही व्हायला हवं. तेरा हजारांच्या वर नाही जमायचं.’’

माझ्या काउंटरवर येणाऱ्यांतले निम्मे असेच असतात. घरात एकच कॉम्प्युटर, दिवसा त्यावर पोट चालतं, रात्री खेळ. जाहिरातींमध्ये गेमिंग मॉनिटर वेगळा आणि ऑफिसचा वेगळा. दोन मॉनिटर ठेवायला आपल्या घरांत जागा कुठे आहे?

मी आधी टेबल विचारलं. भिंतीपासून किती खोल? दोन फूट. खिडकी कुठे? पाठीमागे. मग मी त्यांना ३२ इंची वक्रकडे जाऊच दिलं नाही. दोन फुटांवर बसून ३२ इंच बघायचं म्हणजे दिवसभर मान डावीकडे-उजवीकडे. आणि खिडकी पाठीमागे असेल तर उजेड थेट पडद्यावर येणार, म्हणून काच चकचकीत नको आणि उजेड २५० निटांच्या वरचा हवा. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवता आलं तर हजार रुपये वाचतात, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, टेबल फिरतं, पलंग फिरत नाही.

डोळ्यांचं मी खरं तेच सांगतो. निळा प्रकाश कमी करण्याच्या शिक्क्याने डोळे बरे होत नाहीत. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे की पडद्यापुढे डोळे थकतात ते निळ्या प्रकाशामुळे नव्हे. आपण पापण्या कमी मिटतो आणि तासन्‌तास एकाच अंतरावर बघतो, हे कारण. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघावं, हा त्यांचा सल्ला फुकटचा आहे. मॉनिटरकडून दोन गोष्टी मात्र मागाव्यात. एक, दिवा लुकलुकणारा नसावा. काही पडद्यांचा उजेड कमी करतात तो दिवा भराभर पेटवून-विझवून, आणि काहींना त्याने डोकं चढतं. उजेड अगदी कमी करून पडद्यासमोर पेन भराभर हलवून बघायचं. पेनाच्या तुटक-तुटक प्रती दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. ताईंनी स्वतः हलवून बघितलं. दुसरी गोष्ट, अक्षर स्वच्छ हवं, म्हणजे त्यासाठी पुढे वाकावं लागत नाही.

मग त्यांना फाइल दाखवली. त्या वाचता वाचता २७ इंची फुल एचडीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे ‘शुद्ध’ आहे की ‘शुद्व’?’’ चूक ओळखणं हाच त्यांचा पेशा. मुद्रितशोधकाने खुणावून परत पाठवलेल्या पानांत ही चूक किती वेळा येते ते त्या सांगत राहिल्या. मग क्यूएचडीसमोर बसल्या आणि आपणहून मागे टेकल्या.

मी टेप काढली. २७ इंची पडद्याची उंची ३३.६ सेंटिमीटर भरते. ए-फोर पान २९.७ चं. म्हणजे खऱ्या मापाचं अख्खं पान उभं मावतं आणि वर मेनू, खाली पट्टी यांच्यासाठी जवळजवळ चार सेंटिमीटर उरतात. शेजारी दुसरं पानही मावतं, समोरासमोरची दोन्ही पानं एकदम. २४ इंचीची उंची २९.६. एका मिलिमीटरने पान बसत नाही. दिवाळी अंकाच्या दिवसांत पान सतत वर-खाली सरकवण्यात हात किती जातो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आता मुलगा. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आहे. क्यूएचडीत फुल एचडीच्या पावणेदोन पटीहून थोडे जास्त ठिपके रंगवावे लागतात, जवळजवळ ३७ लाख. जड खेळ त्या मापात चालणार नाहीत, हे मी स्पष्ट सांगितलं. पण उपाय आहे. खेळाचं माप १२८० बाय ७२० ठेवलं की ते क्यूएचडीच्या बरोबर निम्मं पडतं, दोन्ही बाजूंनी. एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके बसतात, हिशेब पूर्णांकात राहतो. १०८० वर ठेवलं तर हिशेब अपूर्णांकात जातो आणि चित्र थोडं मऊ दिसतं, तरी खेळायला चालतं. हलके खेळ तसेही चालतील. पुढे कधी कार्ड घेतलं तर पडदा तयारच आहे. कार्ड नंतर घालता येतं, पडद्याचे ठिपके नंतर वाढवता येत नाहीत.

अडचण पैशांची. क्यूएचडी सोळा हजार पाचशे. माझ्या हातात दोन वाटा होत्या. २४ इंची फुल एचडी देऊन नऊ हजारांत मोकळं व्हायचं, ठिपके इंचाला ९३ म्हणजे अक्षर ठीकच. नाहीतर हा. कॉलेजच्या मुलाला मी साडेसतरावरून खाली आणलं होतं आणि इथे तेरावरून वर न्यायला बघत होतो, हे मला उघड दिसत होतं. पण त्याच्या जास्तीच्या पैशांतून त्याला काही मिळत नव्हतं. ह्यांचे जास्तीचे साडेतीन हजार पानांत उतरतात. मी शेठकडे गेलो. त्यांनी नफा सोडून पंधरा हजार नऊशे केले, त्याखाली खरेदीच होती. ताईंनी घरी फोन लावला, बराच वेळ बोलल्या, आणि निम्मे आज, निम्मे महिन्याने असं ठरवून घेतला. उधारीची वही या दुकानात क्वचित उघडते. आज उघडली.

५:००

एक तरुण नुसताच तक्रार घेऊन आला. मॉनिटर आमच्याकडचा नाही, ऑनलाइन घेतलेला. १६५ हर्ट्झ म्हणून पैसे दिले, फरक काहीच नाही, फसवलं. मी त्याला मोबाइलवर घरच्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवायला सांगितला. भावाने पाठवला. वायर मदरबोर्डच्या खाचेत होती, कार्डाच्या नाही. इतके दिवस कार्ड रिकामं बसलेलं. मग भावाला सांगून वायर हलवली, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघायला लावला. ६० होता. विंडोज बहुतेकदा नवा मॉनिटर ६० वरच लावतं आणि कुणी बदलेपर्यंत तिथेच राहतं. १६५ निवडलं आणि तिकडून भाऊ ओरडला ते आम्हाला इथे फोनवर ऐकू आलं.

६:१५

गर्दी. या दोन तासांत लिहिण्यासारखं थोडंच असतं, कारण दोन तास खोके उघडण्यात जातात. मॉनिटर गिऱ्हाईकासमोर चालू केल्याशिवाय मी देत नाही. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असा एकेक रंग पूर्ण पडदाभर लावतो. एखादा ठिपका मेलेला असेल तर पांढऱ्यावर दिसतो, सतत पेटलेला असेल तर काळ्यावर. वॉरंटीत ठिपक्यांची किमान संख्या असते, एका ठिपक्यावर बहुतेक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत. म्हणून तपासायचं ते बिल फाडायच्या आधी. काळ्या पडद्यावर आयपीएसच्या कोपऱ्यांत फिकट उजेड दिसतो. तो थोडा असणारच, दोष नव्हे, पण एकाच कोपऱ्यात भडक असेल तर मी दुसरा पीस काढायला लावतो.

एका जोडप्याला रात्री दिवे घालवून सिनेमे बघायचे होते, खेळ क्वचित, काम नाहीच. त्यांना मी ३२ इंची वक्र दिला. त्याचं पॅनेल व्हीए. आयपीएसमध्ये काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण साधारण एकास हजार असतं, व्हीएमध्ये एकास तीन हजार, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा खरंच काळा दिसतो. वेगवान खेळात काळ्या भागांमागे त्याची ओढ उमटते, पण त्यांना खेळायचंच नव्हतं. पतीने एचडीआरच्या शिक्क्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, हा मॉनिटर एचडीआरचा सिग्नल घेतो, दाखवायला त्याच्याकडे पुरेसा उजेड नाही. व्हेसा संस्थेच्या एचडीआरच्या ज्या पायऱ्या आहेत, त्यांतली सगळ्यात खालचीसुद्धा ४०० निट मागते आणि याचे ३०० आहेत. बंदच ठेवा, रंग बरे दिसतील.

७:४०

कल्याणच्या मुलाचा फोन. वायर लावली, १८० निवडलं, फ्रीसिंक कार्डाच्या सेटिंगमध्ये चालू केलं, पण अक्षरं फिकट का दिसतात? मॉनिटरच्या बटणाने मेनूत जायला लावलं. तो गेमिंगच्या मोडवर होता, त्या मोडमध्ये कारखान्यातूनच काळे भाग उजळलेले असतात म्हणजे अंधारात लपलेला शत्रू दिसावा. अभ्यासाला स्टँडर्ड किंवा एसआरजीबी, खेळताना पाहिजे तर तो. उजेड शंभरावरून खाली आणायला सांगितला, समोर पांढरा कागद धरून पडदा त्याच्याएवढा दिसेपर्यंत.

शेवटच्या तीन गिऱ्हाइकांना लोकलने जायचं होतं. खोका आडवा ठेवायचा नाही, त्यावर कुणाला बसू द्यायचं नाही, पडद्याची बाजू स्वतःच्या पायांकडे. शक्य असेल तर आठनंतरची गाडी घ्या, हे पोरगा प्रत्येकाला सांगतो.

८:३०

शटर अर्धं खाली. सोमवारच्या मालाची यादी. शेठचं म्हणणं, २७ इंची फुल एचडी जास्त मागव, तो बघता बघता जातो, खोका मोठा दिसतो आणि किंमत लहान. क्यूएचडी पडून राहतो, पैसा अडकतो. व्यापारात ते चूक नाहीत. मी म्हटलं, तो पडून राहतो कारण आपण तो दाखवत नाही. बाहेरच्या काचेत २७ फुल एचडी लावलाय, क्यूएचडी आत आहे. उद्या बंद आहे, सोमवारी सकाळी दोन्ही शेजारी लावतो आणि मराठी मजकूर लावतो. कुणाला फरक दिसला नाही तर पुढच्या वेळी मागवू नका.

त्यांनी थोडा विचार केला. आमच्या शेठची मातृभाषा गुजराती, पण मराठी ते रोज वाचतात. डेमोच्या टेबलापाशी गेले, दोन्ही पडद्यांवरची ओळ चष्मा वर करून वाचली, आणि परत येऊन क्यूएचडीपुढे दोनाचे चार केले. फुल एचडीचे सहाचे चार केले. खाली मी डिस्प्लेपोर्टच्या दहा वायरी लिहिल्या आणि यादी भिवंडीला पाठवून दिली.